तळहातावरचे वळ : छळ कशाला म्हणावे?

गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने तेरेखोल नदी ओलांडली की पलीकडच्या टेकाडावर एक लहानसा किल्ला लागतो. एका अंगाला नदी, एका अंगाला समुद्र आणि उरलेल्या बाजूंना महाराष्ट्राची रेडीकडील पट्टी, अशा बेचक्यात गोव्याचा हा तुकडा अडकून राहिलेला आहे. सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांनी हा किल्ला बांधला. १७४६ साली पोर्तुगिजांनी तो घेतला आणि १९६१ पर्यंत आपल्या हाती ठेवला. आत सेंट अँथनीचे छोटे चर्च आहे. पुढे किल्ल्यातच प्रवाशांसाठी निवासाची सोय झाली, आणि आता तेथे जाणारे बहुतेक लोक सूर्यास्त पाहण्यासाठी जातात.

परंतु तेरेखोलची ओळख तेवढीच नाही. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो आणि त्यांचे सहकारी या किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तेथे तिरंगा चढविला. भारत सरकारने त्या वेळी केवळ गोमंतकीयांनाच सीमा ओलांडू दिली होती, त्यामुळे तुकडी लहान होती. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज पोलिसांनी किल्ला परत घेतला व सत्याग्रहींना पकडले. पुढील वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले हजारो सत्याग्रही गोव्याच्या सीमेवर जमले. त्या दिवशीच्या गोळीबारात वीसहून अधिक माणसे मेली. तेरेखोल येथे पनवेलचे हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर यांना मृत्यू आला. त्याच दिवशी गोव्याच्या सीमेवर उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ पडले. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या घरांना या लढ्याविषयी जी जवळीक वाटते, तिचे मूळ अशा नावांत आहे.

गोळीने गेलेल्यांची आठवण आपण ठेवली. किल्ल्यात त्यांचे स्मारक आहे. जे जिवंत पकडले गेले आणि कोठडीत ‘बोलते’ केले गेले, त्यांच्याविषयी मात्र आपण फार कमी बोलतो. प्रस्तुत लेख त्यांच्या निमित्ताने आहे. कोठडीतील माणसाकडून माहिती काढण्यासाठी जी ‘कडक’ साधने वापरली जातात, त्यांना छळ म्हणावे की केवळ कठोर चौकशी, हा प्रश्न आज जगभरच्या न्यायालयांत व कायदेमंडळांत घोळतो आहे. त्याचे उत्तर शोधावयास गोमंतकाच्या इतिहासाइतकी जवळची जागा दुसरी नाही, असे आम्हांस वाटते.

पाच डोळ्यांची पोर

पोर्तुगीज पोलीस कचेरीतील एक साधन पुष्कळ स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींत येते. त्याचे नाव पाल्मातोरिया. जाड लाकडाची एक गोल चकती आणि तिला दांडा, एवढेच त्याचे रूप. चकतीला पुष्कळदा भोके पाडलेली असत. हे मूळचे शाळेतील साधन. पोर्तुगालमधील मास्तर न शिकणाऱ्या मुलांच्या तळहातावर ते मारीत, आणि चकतीवरील पाच भोकांमुळे त्याला लाडिकपणे ‘पाच डोळ्यांची पोर’ असे टोपणनावही पडले होते. आपल्याकडे छडी होती, त्यांच्याकडे ही पोर.

शाळेतून ही चकती वसाहतींच्या कारभारात गेली. मोझांबिक, अंगोला, गिनी या आफ्रिकेतील मुलखांत कर न भरणाऱ्या, वेठीला न येणाऱ्या माणसाच्या तळहातावर सरकारी अंमलदार ती मोजून मारीत. गोव्यात ती राजकीय कैद्यांच्या वाट्याला आली. आझाद गोमंतक दलाची शस्त्रे कोठे आहेत, पत्रके कोणी वाटली, सीमेपलीकडून कोण आले होते, असे प्रश्न आणि त्यांच्या सोबतीला पाल्मातोरिया.

अशा साधनाचे समर्थन नेहमी एकाच वळणाने होते. यात हाड मोडत नाही, रक्त येत नाही, जीवाला धोका नाही. शाळकरी पोरेही हा मार खातात, मग धडधाकट माणसाने एवढा बाऊ का करावा? वरवर पाहता हा युक्तिवाद खोटा वाटत नाही, म्हणूनच तो बारकाईने तपासला पाहिजे.

तळहात हा शरीराचा अत्यंत संवेदनशील भाग. एका हातात सत्तावीस लहानमोठी हाडे, त्यांवर स्नायूंचे व शिरांचे दाट जाळे. लाकडी चकतीचे आघात एकाच जागी पुनःपुन्हा झाले म्हणजे हात सुजून येतात, बोटे मिटत नाहीत. ज्या कैद्याचे दोन्ही हात असे सुजले, त्याला भाकरीचा तुकडा मोडता येत नाही, पाण्याचे भांडे उचलता येत नाही, नाडी सोडता-बांधता येत नाही. प्रत्येक क्रियेसाठी त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते, आणि कोठडीत ते दुसरे तोंड बहुधा पोलिसाचेच असते. काही दिवसांनी सूज उतरते. न्यायासनापुढे त्याला उभे करीपर्यंत दाखवावयास काहीच उरत नाही.

शाळेतील मार व कोठडीतील मार यांत साधन तेच आहे, पण शाळेतील मूल संध्याकाळी घरी जाते. मार किती खावयाचा हे त्याला ठाऊक असते. कोठडीतील माणसाला ना घर, ना वेळेची मर्यादा. मार थांबण्याचा उपाय एकच, तो म्हणजे समोरच्याला हवे ते बोलणे. (शाळेतील मारही आपण आता त्याज्य ठरविला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विद्यार्थ्यांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली. मुलांच्या बाबतीत जे आपण नाकारले, ते कोठडीतील प्रौढाच्या बाबतीत चालवून घ्यावे, हे विसंगत आहे.)

या साऱ्याची मर्यादा कोठवर जाते हे बार्देशातील अस्नोड्याच्या बाळा राया मापारी यांच्या उदाहरणावरून कळते. ते आझाद गोमंतक दलाचे कार्यकर्ते होते. अस्नोड्याच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात त्यांचा हात होता. पकडल्यानंतर सहकाऱ्यांची नावे सांगावीत म्हणून त्यांचे हाल करण्यात आले. त्यांनी नावे सांगितली नाहीत. १८ फेब्रुवारी १९५५ रोजी कोठडीतच त्यांचा अंत झाला. वय अवघे सव्वीस. गोवा मुक्तिसंग्रामातील पहिले हुतात्मे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. ‘थोडासा मार’ कोठे संपतो आणि मृत्यू कोठे सुरू होतो, ही रेषा मारणाऱ्यालाही आधी दिसत नसते.

आणि मारणाऱ्याचे काय होते? गोव्यातील कैद्यांत ज्याच्या नावाची दहशत होती तो कासिमिरो मोंतेरो हा पोलीस पुढे पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांच्या, म्हणजे ‘पिडे’च्या, सेवेत गेला. १३ फेब्रुवारी १९६५ रोजी स्पेनच्या सीमेजवळ जनरल उंबेर्तो देलगादो यांचा खून झाला. सालाझारच्या राजवटीविरुद्ध अध्यक्षपदाची निवडणूक लढविलेले हे गृहस्थ. या खुनाबद्दल १९८१ साली पोर्तुगालच्या न्यायालयाने मोंतेरोला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरविले. वसाहतीच्या कोठडीत शिकलेली कला अशी मायदेशाच्याच माणसांवर उलटली. ज्या राष्ट्राने १८६७ सालीच सामान्य गुन्ह्यांसाठी फाशीची शिक्षा रद्द केली होती, त्या राष्ट्राची ही गोष्ट आहे. कायद्याच्या पुस्तकातील सौम्यता कोठडीपर्यंत आपोआप पोहोचत नाही.

जुन्या गोव्याचे दप्तर

छळ करणारे स्वतःला क्रूर समजत नाहीत. त्यांच्याकडे नियम असतात, दप्तर असते. गोव्यात याचे जुने उदाहरण म्हणजे १५६० ते १८१२ पर्यंत, मधला अल्प काळ वगळता, चाललेले इन्क्विझिशन. आपले थोर संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली त्यावरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. हे न्यायासन दोन मुख्य साधने वापरी. एकात आरोपीला लाकडी चौकटीवर निजवून हातपाय दोरांनी आवळीत. दुसऱ्यात हात पाठीमागे बांधून त्याला कप्पीने वर ओढीत आणि झटक्याने खाली सोडीत. वैद्य हजर असे, कारकून प्रत्येक शब्द लिहून घेई. धर्मपीठाने रक्त सांडू नये असा दंडक असल्याने साधनेही तशीच निवडलेली. छळाखाली दिलेला जबाब नंतर, छळाच्या खोलीबाहेर, पुन्हा वदवून घेत, म्हणजे तो ‘स्वेच्छेचा’ ठरे. जबाब फिरविणाऱ्यापुढे पुन्हा तीच खोली उभी असे.

दलों नावाचा फ्रेंच वैद्य या कोठड्यांत १६७४ ते १६७६ या काळात होता. त्याचे पुस्तक १६८७ साली बाहेर आले. सकाळच्या वेळी चौकशीच्या दालनातून येणाऱ्या किंकाळ्या त्याने नोंदवून ठेवल्या आहेत. दप्तरातील कारकुनाच्या लेखी मात्र ती विधिपूर्वक केलेली चौकशी होती.

वण न उठणारा छळ

विसाव्या शतकात छळ आणखी ‘स्वच्छ’ झाला. पिडेच्या पोर्तुगालमधील दोन पद्धती कुप्रसिद्ध आहेत. एकीचे नाव ‘पुतळा’. कैद्याला तासन्‌तास, दिवसेंदिवस भिंतीशी न हलता उभे करावयाचे. पाय सुजून खांबासारखे होत. दुसरी म्हणजे झोपेचा छळ. कैद्याला अनेक दिवस-रात्री डोळा लागू द्यावयाचा नाही. थोड्याच दिवसांत त्याला भास होऊ लागत. या दोन्हींत पोलिसाला हात उचलावा लागत नाही.

हे तंत्र आपल्याला परके नाही. १८ जून १९४६ रोजी मडगावात ज्यांच्या भाषणाने गोव्याच्या अखेरच्या लढ्याला तोंड फुटले, त्या डॉ. राममनोहर लोहियांनी ते स्वतः भोगले होते. १९४४ साली मुंबईत पकडल्यावर ब्रिटिशांनी त्यांना लाहोरच्या किल्ल्यात नेले. तेथे काही महिने त्यांना रात्रंदिवस जागे ठेवून प्रश्न विचारण्यात आले. पुढे प्राध्यापक हॅरॉल्ड लास्की यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे सविस्तर मांडले. त्यांतील सर्वांत दीर्घ सलग जागरण दहा दिवसांचे होते. जयप्रकाश नारायण यांचाही त्याच किल्ल्यात असाच छळ झाला. दोघांच्याही अंगावर या जागरणाचा वण दाखविता आला नसता. म्हणून त्यांचा छळ झाला नाही असे म्हणावयास आपल्यापैकी कोण धजेल?

तिसरे साधन एकांतवासाचे. सांगलीकडचे एक तरुण मराठी शिक्षक फोंडा तालुक्यातील सावई-वेरे येथे शिकविण्याच्या निमित्ताने गेले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. हेच मोहन रानडे. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ते जखमी होऊन सापडले. त्यांना सव्वीस वर्षांची सजा झाली. आग्वादच्या तुरुंगातून त्यांना पोर्तुगालात नेण्यात आले आणि लिस्बनजवळच्या काशियाशच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. सहा वर्षे ते एकांतकोठडीत होते. गोवा १९६१ साली मुक्त झाला, रानडे मात्र जानेवारी १९६९ पर्यंत सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांसारख्या कलावंतांनी जिवाचे रान केले. ‘सतीचे वाण’ हे रानड्यांचे आत्मकथन वाचकांच्या घरी नसेल तर अवश्य आणावे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली मान्य केलेल्या कैद्यांविषयीच्या ‘मंडेला नियमां’त सलग पंधरा दिवसांहून अधिक एकांतवास निषिद्ध मानला आहे. रानड्यांची सहा वर्षे या मापाने मोजून पाहावीत.

स्ट्रासबुर्गचा निवाडा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एखादे कडक साधन छळ आहे की नाही हे ठरवावयाचे कसे? या बाबतीत एक निवाडा जगभर उद्‌धृत केला जातो. १९७१ साली उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिशांनी काहींना स्थानबद्ध केले आणि त्यांतील चौदा जणांवर पाच तंत्रे वापरली. भिंतीशी अवघड स्थितीत उभे करणे, डोक्यावर काळी पिशवी चढविणे, सतत कर्कश आवाज, झोप न देणे आणि अन्नपाणी अपुरे देणे. युरोपीय मानवी हक्क आयोगाने १९७६ साली यास छळ म्हटले. परंतु स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने १८ जानेवारी १९७८ रोजी तेरा विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की ही वागणूक अमानुष व मानहानिकारक होती खरी, पण ‘छळ’ या शब्दात जी तीव्रता अभिप्रेत आहे तेवढी तीत नव्हती.

न्यायालयाने या तंत्रांना परवानगी दिली नव्हती, ती बेकायदाच ठरविली होती. तरीही एका शब्दाने किती फरक पडला पाहा. १ ऑगस्ट २००२ रोजी अमेरिकेच्या न्यायखात्याने गुप्तहेरांसाठी एक टिपण केले. अवयव निकामी होण्याच्या वेदनेइतकी वेदना झाली तरच छळ, अशी व्याख्या त्यात होती, आणि आधारासाठी या आयरिश निवाड्याचाही उल्लेख होता. त्यानंतर बंदिवानांच्या नाकातोंडावर पाणी ओतून त्यांना बुडण्याचा अनुभव देण्यात आला, आणि त्याला ‘चौकशीचे वर्धित तंत्र’ असे नाव मिळाले. २००९ साली राष्ट्राध्यक्ष ओबामांनी ते बंद केले. आयर्लंडने जुन्या निवाड्याचा फेरविचार मागितला, तो स्ट्रासबुर्गने २०१८ साली नाकारला. परंतु ब्रिटनच्याच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये म्हटले की आजच्या कसोटीने ती पाच तंत्रे छळच ठरण्याचा संभव आहे. पन्नास वर्षांत तंत्रे तीच राहिली, त्यांच्याकडे पाहणाऱ्यांची दृष्टी बदलली.

आमच्या मते या साऱ्या घोळाचे मूळ एका चुकीच्या प्रश्नात आहे. ‘किती दुखले?’ हाच प्रश्न पहिला विचारला की उत्तर नेहमी मारणाऱ्याच्या सोयीचे येते. दुखण्याचे माप नाही. जे आहे ते जखमेचे माप, आणि जखम न होऊ देणे ही तर या तंत्रांची खासियत. म्हणून प्रश्न दुसरीकडून विचारला पाहिजे. माणूस बंदिवान आहे काय, म्हणजे त्याला प्रतिकार करणे वा निघून जाणे अशक्य आहे काय? आणि त्याची वेदना, त्याची झोप, त्याची तहान, त्याचे भय ही त्याच्याकडून शब्द काढण्याची किंवा त्याला मोडण्याची साधने म्हणून जाणूनबुजून वापरली जात आहेत काय? या दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर तो छळ होय, मग हत्यार लाकडी चकती असो की पेटता ठेवलेला दिवा.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८४ च्या छळविरोधी करारातही वेदनेच्या तीव्रतेबरोबर हेतूला व सरकारी अंमलदाराच्या सहभागाला स्थान दिलेले आहे, आणि वेदना ‘शारीरिक वा मानसिक’ असे स्पष्ट म्हटले आहे. ‘तीव्र’ हा शब्द त्यात आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु बंद दाराआड, सुटकेची आशा नसताना, तीच वेदना किती पटींनी तीव्र होते हे लक्षात घेतल्यावाचून त्या शब्दाचा अर्थ लागत नाही.

मग पोलिसांनी कडक प्रश्नच विचारू नयेत काय? अवश्य विचारावेत. खोटे पकडावे, विसंगती दाखवावी, पुरावा समोर ठेवावा, तेच तेच पुनःपुन्हा विचारावे. यात आरोपीला घाम फुटला तरी तो छळ नव्हे. त्याला वेळेवर जेवण, झोप आणि वकील मिळाला पाहिजे. काम प्रश्नाने व्हावे, शरीराच्या पिळवणुकीने नव्हे, एवढी मर्यादा पुरेशी स्पष्ट आहे.

“पण प्राण वाचत असतील तर?”

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोठे तरी बॉम्ब ठेवलेला आहे, ठेवणारा हाती सापडला आहे, आणि शेकडो निरपराधांचे प्राण त्याच्या एका वाक्यावर अवलंबून आहेत. अशा वेळी दोन रात्री जागविले तर काय बिघडले? स्फोटांत आप्त गमावलेल्या घरांपुढे हा प्रश्न उभा राहिला तर त्यांना आपण कोणत्या तोंडाने नकार द्यावा?

याचे एक उत्तर व्यवहाराचे. छळाखाली माणूस बोलतो हे खरे, पण तो खरे बोलतो असे नव्हे. ज्याने छळ थांबेल ते बोलतो. मेंदूविज्ञानाचे आयरिश अभ्यासक शेन ओ’मारा यांनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात दाखविले आहे की दीर्घ जागरण, भय व वेदना यांनी स्मरणशक्तीच बिघडते. ज्या भांड्यातून पाणी काढावयाचे तेच फोडण्याचा हा उद्योग आहे.

दुसरे उत्तर इतिहासाचे, आणि ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. बाळा मापारी पोर्तुगीज पोलिसांच्या नजरेत कोण होते? सरकारी ठाण्यावर सशस्त्र हल्ला करणाऱ्या गुप्त संघटनेचा माणूस. त्याच्या साथीदारांची नावे कळली तर पुढील हल्ले टळतील, पोलीस शिपायांचे प्राण वाचतील, असेच त्यांना वाटत असणार. म्हणजे ‘प्राण वाचतात’ हा अपवाद आपण एकदा मान्य केला, की मापारींच्या मृत्यूविरुद्ध आपल्याला बोलता येत नाही. फार तर एवढेच म्हणता येईल की आमचा माणूस चांगला होता व त्यांचे सरकार वाईट होते. परंतु प्रत्येक सरकार स्वतःला चांगलेच समजते, आणि कोठडीत कोण येणार हे आधी ठरलेले नसते. कराराच्या दुसऱ्या कलमाने युद्ध, अस्थैर्य वा कोणतीही आणीबाणी हे छळाचे समर्थन होऊ शकत नाही असे म्हटले, त्यामागे हाच अनुभव आहे.

आपला कायदा

मुक्त भारतात आपण काय केले? पुष्कळ केले आणि थोडे महत्त्वाचे राहून गेले. कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडू नये असे राज्यघटनेचे विसावे कलम सांगते. पोलिसांपुढील कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, हे तत्त्व नव्या साक्ष अधिनियमातही कायम आहे. कबुलीसाठी दुखापत करणे हा जुन्या दंडसंहितेप्रमाणे नव्या न्यायसंहितेतही स्वतंत्र गुन्हा आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये अटकेचा पंचनामा, नातलगांना खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी असे दंडक घालून दिले. संमतीवाचून गुंगीचे औषध देऊन चौकशी करणे २०१० साली सेल्वी खटल्यात घटनाबाह्य ठरले. डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आदेश झाला.

आणि राहून गेले ते असे. भारताने छळविरोधी करारावर १९९७ साली सही केली, पण त्याला अंतिम मान्यता अद्याप दिलेली नाही. छळ हा शब्द घेऊन उभा राहणारा स्वतंत्र कायदाही नाही. २०१० साली लोकसभेने एक विधेयक संमत केले होते. त्यात छळाची व्याख्या ‘जबर दुखापत’ किंवा जीव, अवयव, आरोग्य यांस धोका अशी होती. जबर दुखापत म्हणजे कायद्याच्या भाषेत डोळा, कान, अवयव जाणे, हाड मोडणे, किंवा बरेच दिवस तीव्र वेदना राहणे. वाचकांनी पाल्मातोरियाने सुजलेला तळहात या व्याख्येशी ताडून पाहावा. हाड मोडलेले नाही, आठवड्यात सूज उतरली, म्हणजे छळ झाला की नाही यावर वकिलांना दिवसभर वाद घालता आला असता. राज्यसभेच्या प्रवर समितीने व्याख्या रुंद करावी असे सुचविले. विधेयक पुढे सरकले नाही आणि २०१४ साली लोकसभेच्या विसर्जनाबरोबर बारगळले. विधि आयोगाने २०१७ साली आपल्या २७३ व्या अहवालात नवा मसुदा दिला. तो कायदा झालेला नाही.

आणि आपले घर

दोष केवळ दिल्लीचा नाही. घरात चोरी झाली, मोलकरणीवर वा गड्यावर संशय आला, की आपल्याच तोंडून वाक्य निघते, “साहेब, जरा दोन रट्टे द्या, म्हणजे बोलेल.” चित्रपटातील फौजदाराने कोठडीत पट्टा काढला की आपण टाळ्या वाजवितो. ‘थर्ड डिग्री’ हा शब्द आपल्या बोलण्यात इतका सहज येतो की त्याचा अर्थ मनात उभा राहत नाही. पोलीस शिपायावरही हा दबाव असतो. तपासाची साधने अपुरी, वरून घाई, आणि बाहेर आपल्यासारखी सभ्य माणसे उभी, जी विचारीत नाहीत की माल कसा सापडला. ज्याला रट्टे मिळतात तो बहुधा गरीब असतो, त्याच्यासाठी पत्र लिहिणारा वा वकील देणारा कोणी नसतो. लोहियांना लास्कींना पत्र लिहिता आले, रानड्यांमागे एक समाज उभा राहिला. या माणसामागे कोण आहे?

ज्या आग्वादच्या तुरुंगात सत्याग्रही खितपत पडले, तेथे डिसेंबर २०२१ पासून संग्रहालय झाले आहे. पोर्तुगालनेही आपल्या जुन्या राजकीय तुरुंगांची संग्रहालये केली. लिस्बनमधील आल्जुब २०१५ साली उघडले. पेनिशचा किल्ला, जेथे गोव्याचे त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांना ठेवले होते, तोही आता संग्रहालय आहे. मारणाऱ्यांचा देश आणि मार खाणाऱ्यांचा देश, दोघांनीही त्या कोठड्यांना आज एकच नाव दिले आहे. सुटीत गोव्याला जाल तेव्हा मुलांना आग्वादला न्या, वेळ असल्यास फेरीबोटीने तेरेखोलपर्यंतही जा. तेथे मुलांना हिरवे गुरुजींची गोष्ट सांगावी. मापारींची सांगावी, आणि त्यांना बोलते करण्यासाठी काय केले गेले तेही वयानुसार सांगावे.

त्यानंतर घरी परतल्यावर वर्तमानपत्रात कोठडीतील मृत्यूची चार ओळींची बातमी येईल. मेलेला माणूस किरकोळ चोर असेल, कदाचित खरोखरच चोर असेल. त्या वेळी मुलाने विचारले की यालाही तसेच मारले का, तर आपण काय उत्तर देणार, हे वाचकांनी आजच ठरवून ठेवावे. छळविरोधी कायद्याची मागणी आपल्या मतदारसंघाच्या खासदारांकडे करावी, आणि कामवाल्या बाईविरुद्ध तक्रार देताना फौजदाराला स्पष्ट सांगावे की तिच्या अंगाला हात लागता कामा नये. यांपैकी दुसरे काम कोणत्याही विधेयकाची वाट न पाहता आजपासून करता येण्यासारखे आहे.